इकडे काय करताय?

डिस्क गोल्फ म्हणजे काय हे आपल्याकडे कुणालाही सांगायचं तर पहिली दहा मिनिटं त्यातच जातात, म्हणून ते आधी उरकतो. गोल्फच, पण बॉल नाही आणि काठी नाही. फ्रिस्बीसारखीच पण लहान, जड आणि कडेला धार असलेली प्लॅस्टिकची तबकडी असते. ती ठरलेल्या जागेवरून फेकायची, जिथे पडेल तिथून परत फेकायची, आणि शेवटी लोखंडी खांबावर साखळ्या लोंबणाऱ्या टोपलीत घालायची. साखळ्यांचा खळ्ळकन आवाज झाला की एक होल संपला. असे अठरा. सगळ्यात कमी फेकींत संपवेल तो जिंकला. एड हेडरिक नावाच्या माणसाने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये याचा पहिला कायमचा कोर्स आखला, आणि टोपलीची कल्पनाही त्याचीच. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मिसळून तबकड्या बनवल्या होत्या. आपल्याकडे अस्थी गोदावरीत जातात, याच्या कुठल्यातरी झाडावर अडकून बसल्या असणार. असो.

मी हा खेळ ऑनसाइटला असताना शार्लटमध्ये शिकलो. तिथे वीकेंडला करायला दोनच गोष्टी होत्या, मॉल किंवा हे. बहुतेक कोर्स फुकट. तिकीट नाही, कुंपण नाही, वॉचमन नाही. सार्वजनिक पार्कचा जो भाग कुणालाच नको असतो (ओढ्याकाठची झाडी, विजेच्या तारांखालची पट्टी, उताराची वेडीवाकडी जमीन) तिथे टोपल्या रोवलेल्या. पहिल्या शनिवारी निघताना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला खेळाचा एकही नियम सांगितला नाही. त्याने सांगितलं ते असं: गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नकोस, काच फुटते. अंधार पडायच्या आत निघ. एकटा असशील तर दोन्ही कानांत इअरफोन घालू नकोस. झाडीतून कुणी बोलत बोलत जवळ आला तर तोंडाने बोल, पण पायाने अंतर ठेव.

मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं. पण दोन-चार वेळा खेळल्यावर लक्षात आलं की लुटारूच्या सोयीने जागा डिझाइन करायला घेतली असती तर ती अशीच झाली असती. सातव्या होलवर तुम्ही पार्किंगपासून पाऊण किलोमीटर आत असता. नजर जमिनीवर, कारण तबकडी पाल्यात शिरलेली असते. हातात पाकीट-मोबाइल नाही, ते मागे ठेवलेल्या बॅगेत. आणि तुम्ही पुढे कुठे जाणार हे कुणालाही ठाऊक असतं, कारण होलवर नंबर असतात. सिक्युरिटीवाले ज्याला अटॅक सरफेस म्हणतात तो हाच, फक्त मोकळ्या हवेत.

आता यातली गंमत बघा. हे कोर्स तिथे घालण्यामागे जी कारणं दिली जातात त्यात एक कारण सुरक्षिततेचंच असतं. ज्या झाडीत पूर्वी फक्त दारू, ड्रग्ज आणि भानगडी चालायच्या तिथे टोपल्या लावल्या की दर पंधरा मिनिटांनी चार माणसं हसत-खिदळत, शिव्या देत जातात. ज्याला आडोसा हवा असतो तो कंटाळून दुसरीकडे जातो. जेन जेकब्झने १९६१ साली शहरांवरच्या आपल्या पुस्तकात हेच रस्त्यांबद्दल लिहिलं होतं. रस्ता सुरक्षित ठेवतात ते पोलीस कमी, आणि आपापल्या कामाने तिथे असलेली माणसं जास्त. दुकानदार, खिडकीत बसलेली आजी, कोपऱ्यावर टवाळक्या करणारी पोरं. त्यांचे डोळे रस्त्यावर असतात म्हणून रस्ता चालतो.

ही थिअरी मला इतकी आवडली होती की परत आल्यावर ती मी बरोबर घेऊन आलो. बॅगेत चार तबकड्या आणि डोक्यात ही थिअरी. तबकड्या अजून आहेत.

आमचं घर बोईसरला. मोकळ्या जागेला आमच्याकडे तोटा नाही. पश्चिमेला समुद्र, चिंचणीपासून खाली केळव्यापर्यंत एकेक किनारा, सुरूची बनं, पलीकडे पूर्वेला हायवे ओलांडला की डोंगर. एका रविवारी मी आणि धाकटी बहीण चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत काठी रोवली, त्यावर टोपी अडकवली आणि फेकाफेकी सुरू केली. तासाभरात चार जणांनी येऊन एकच प्रश्न विचारला.

"इकडे काय करताय?"

पहिला एक मुलगा होता, सात-आठ वर्षांचा. त्याला खेळायचं होतं. दुसरा घोडागाडीवाला. तो माहिती काढत होता, गिऱ्हाइकं आहेत की नाहीत. तिसरे एक काका, पांढरा टी-शर्ट, पट्ट्याला मोबाइलचं पाकीट. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं आणि उत्तर ऐकताना बहिणीकडे बघत होते. "भाऊ-बहीण? बरं बरं." चौथे दोघं बाइकवर. उतरले नाहीत, इंजिन बंद केलं नाही. "काय रे, इकडे काय करताय?" मी म्हटलं खेळतोय. "हे कुठलं खेळणं?" मी बोईसर, बाबांचं नाव, कुठली बिल्डिंग असं सगळं सांगितलं (ते सांगावंसं वाटलं यातच सगळं आलं) आणि ते गेले. काहीच झालं नाही. पण परत येताना बहीण म्हणाली, "तू नसतास तर काय सांगायचं मी?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. शब्द तेच चार-पाच, पण विचारणारा बदलला की अर्थ पार उलटा होतो.

अणुवीज केंद्राच्या कुंपणाजवळ उगाच घुटमळून बघा. तिथेही सीआयएसएफचा जवान हेच विचारेल, कदाचित जास्त कडक आवाजात. पण मला त्याची भीती वाटत नाही. १९६९ पासून आमच्या भागात हे केंद्र आहे, आणि कुंपणापाशी थांबायचं नाही हे आम्ही पोरं चालायच्या आधी शिकलो. जवानाच्या छातीवर नाव आहे, वर अधिकारी आहे, आणि मी "चुकून आलो, जातो" म्हटलं की विषय संपतो. त्याने उद्या काही वेडंवाकडं केलं तर कुणाकडे जायचं हे मला माहीत आहे.

शक्ती मिलमध्येही सुरुवात अशाच चौकशीने झाली होती. २२ ऑगस्ट २०१३. महालक्ष्मी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, मुंबईच्या ऐन मध्यात, बंद पडलेल्या मिलचं आवार. एक फोटो-पत्रकार मुलगी आणि तिचा सहकारी संध्याकाळच्या उजेडात कामासाठी फोटो काढायला गेले होते. तिथे असलेल्या पोरांनी आधी विचारपूस केली, तुम्ही इथे कसे, कुणाच्या परवानगीने, मग सहकाऱ्यावर कुठल्याशा गुन्ह्याचा संशय असल्याचा आव आणला. म्हणजे सुरुवातीला ती पोरं गुंड म्हणून समोर आलीच नाहीत. ती राखणदार म्हणून आली. भिंतीपलीकडून लोकल जात होत्या, एकेका लोकलमध्ये हजारो डोळे, पण भिंत होती. जेकब्झबाईंचे डोळे भिंतीतून आरपार बघत नाहीत.

आणि खरा राखणदार असला तरी? २१ एप्रिल २००५ ची मरीन ड्राइव्हची घटना आठवत असेल. भर दुपार, मुंबईतली सगळ्यात जास्त माणसांची फिरायची जागा, आणि कॉलेजमधल्या मुलीवर बलात्कार झाला तो पोलीस चौकीत, कॉन्स्टेबलकडून. चौकशीसाठी म्हणूनच तिला आत नेलं होतं. पुढच्या वर्षी त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. ती चौकी तिथे कशासाठी होती? फिरायला येणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी.

बोईसरच्या माणसाला यात आणखी एक घटना जवळची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या गावातली एक विद्यार्थिनी सकाळी परीक्षेला म्हणून निघाली आणि वांद्र्याच्या बँडस्टँडवर शेवटची दिसली. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्याच एका जीवरक्षकाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. मृतदेह मिळाला नाही. आरोप हा आरोप असतो, त्यावर मी इथे काही बोलणार नाही. मला माहीत आहे ते आमच्या घरात काय झालं ते. बहीण तेव्हा कॉलेजला लोकलने जायची. आईने तिला काही बंदी वगैरे घातली नाही, आमची आई तशी नाही. तिने फक्त दर स्टेशनला मेसेज करायला सांगितलं. पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार. अजूनही कधी मुंबईला गेली की करते. मी इतकी वर्षं त्याच गाडीने गेलोय, मला कुणी एक मेसेज मागितला नाही.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, सोपं आहे की. वाईट माणसं राखणदाराचा वेष घेतात, तेव्हा चांगल्या माणसांनी डोळे उघडे ठेवावेत, गावाने जागं राहावं. मीसुद्धा हेच म्हणत होतो. १६ एप्रिल २०२० पर्यंत.

त्या रात्री आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात, दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर यांना जमावाने काठ्या-दगडांनी मारलं. लॉकडाउन होता. ते कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीला निघाले होते, हायवेवर अडवतील म्हणून आतल्या रस्त्याने गेले. वन खात्याच्या नाक्यापाशी गाडी थांबली. त्याआधी कितीतरी दिवस त्या पट्ट्यात फिरत होतं की चोर आलेत, मुलं पळवतायत, किडन्या काढतायत. त्यामुळे गावंच्या गावं रात्री काठ्या घेऊन गस्त घालत होती. पोलीस आले, तरी माणसं वाचली नाहीत. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. पुढे टीव्हीवर कुणी त्याचं काय काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल, त्यात मला जायचं नाही.

मला जायचंय ते त्या रात्रीच्या पहिल्या पाच मिनिटांत. एक अनोळखी गाडी अंधारात थांबते, आणि कुणीतरी काचेपाशी येऊन तोच प्रश्न विचारतो, इकडे काय करताय? नेमके शब्द मला माहीत नाहीत, असणं शक्यही नाही. पण याखेरीज दुसरं काय विचारलं असणार? गाव जागं होतं. डोळे रस्त्यावर होते. माझ्या लाडक्या थिअरीप्रमाणे जे जे असायला हवं ते सगळं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात हेच झालं होतं. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, आठवडी बाजाराचा दिवस, मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हॉट्सॅपवरचे मेसेज. पाचही जण मारले गेले. तिथे तर अंधारही नव्हता.

शहरातली माणसं हे वाचून "अशिक्षित लोक" म्हणून मोकळी होतात, त्याची मला चीड येते. २०२० च्या त्या आठवड्यात तेच फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आले होते. पाठवणारे बीई, एमएस्सी, बँकेतले मॅनेजर. "मुलांना खाली सोडू नका." "एमआयडीसीतले बाहेरचे लोक फिरतायत." फरक एवढाच होता की आम्हाला गेट होतं, गेटवर वॉचमन होता, आणि पोलीस स्टेशन दहा मिनिटांवर. आमच्या भीतीचं काम दुसरं कुणीतरी पगारावर करत होतं. पाड्यावरच्या माणसाला ते स्वतः करावं लागतं, रात्रभर, उपाशीपोटी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम नाही कारण लॉकडाउन. याने खून माफ होत नाही. पण आपण त्यापेक्षा शहाणे होतो असं म्हणायला मी तयार नाही.

आणि "बाहेरचे लोक" म्हणजे कोण ते तरी बघा. तारापूर एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये काम करणारी यूपी, बिहार, ओरिसाची पोरं. रात्री अकराला सुटून दहा बाय दहाच्या खोलीकडे चालत जाणारी. आमच्या रस्त्यावर रात्री माणूस दिसतो तो यांच्यामुळेच. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी इथल्या एका केमिकल कारखान्यात स्फोट झाला, आठ माणसं गेली, आमच्या घराच्या काचा थरथरल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याची चर्चा दोन दिवस चालली. मुलं पळवणाऱ्यांची दोन महिने. भीतीला हिशेब येत नाही हे खरं, पण इतकाही येऊ नये?

तर थिअरीचं काय? मी तिच्यात काय बग आहे ते बराच काळ शोधत होतो. मला वाटतं तो असा आहे. जेकब्झचा दुकानदार रस्त्याकडे बघतो, पण ते त्याचं काम नाही. त्याचं काम दुकान चालवणं. अनोळखी माणूस आला तर तो त्याच्यासाठी आधी गिऱ्हाईक असतो, संशयित नंतर, झालाच तर. डिस्क गोल्फच्या कोर्सवरची चार माणसंही कुणावर नजर ठेवायला आलेली नसतात, ती त्यांच्या हरवलेल्या तबकडीला शोधत असतात. बघणं हे त्यांचं साइड इफेक्ट. ज्या क्षणी बघणं हेच काम होतं, हातात काठी घेऊन, भीतीच्या पोटी, रात्री, तेव्हा समोर येणारा प्रत्येक जण फक्त एका प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. आणि त्या प्रश्नाला "इथून चाललो होतो" हे उत्तर पुरत नाही.

नुसती माणसं असूनही भागत नाही, तेही खरं. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीला, अंबोलीत, मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून दोन तरुणांना भररस्त्यात भोसकलं. आजूबाजूला भरपूर माणसं होती. बघत होती.

बायकांसाठी तर हा प्रश्न आणखी वेगळा आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बायका सार्वजनिक जागेत कशा वावरतात त्याचा अभ्यास आहे. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं की बाईला बाहेर असायला कारण लागतं, आणि ते कारण दिसावं लागतं. हातात भाजीची पिशवी, ऑफिसची पर्स, कडेवर मूल. कारण नसताना नुसतं उभं राहायची, बसायची, टंगळमंगळ करायची मुभा पुरुषाला आहे, तिला नाही. मी ते वाचल्यावर पालघर स्टेशनबाहेर अर्धा तास उभा राहून बघितलं. नुसते उभे असलेले पुरुष मोजता आले नाहीत. नुसती उभी असलेली बाई एकही नव्हती. सगळ्या कुठेतरी चालल्या होत्या, किंवा रिक्षाची वाट बघत होत्या आणि वाट बघतोय हे दाखवत होत्या, मान उंच करून.

बहिणीने हे पुस्तक वाचलेलं नाही, पण चिंचणीहून येताना तिने विचारलं ते हेच होतं. आणि मग मला ती लोखंडी टोपली निराळी दिसायला लागली. टोपली म्हणजे एक रोवलेलं कारण. "इकडे काय करताय?" "हे काय, खेळतोय. ती बघा टोपली." कारण जमिनीत पक्कं असलं की ते प्रत्येकीला नव्याने सिद्ध करावं लागत नाही. मॉर्निंग वॉकचा ट्रॅक झाला की बायका पहाटे साडेपाचला एकट्या येतात, त्याच मैदानावर, जिथे ट्रॅक नव्हता तेव्हा कुणी फिरकत नव्हती. स्पोर्ट्स शूज आणि कमरेला बांधलेली ओढणी हा आपल्याकडचा परवानाच आहे.

मग आम्ही जागा बदलली. गेल्या हिवाळ्यापासून बोईसर-पालघर रस्त्याने, कोळगावचं नवीन जिल्हा मुख्यालय मागे टाकून शिरगावला जातो. किल्ल्याच्या पलीकडे सुरूचं बन आहे, उत्तरेला सातपाटी. आधी मी, बहीण आणि तिच्या कंपनीतल्या दोन मैत्रिणी. ती एका औषध कंपनीत क्यूसीला आहे, त्या तिघी एकाच लॅबमध्ये. टोपल्या नाहीत, म्हणून नऊ झाडांना लाल फीत बांधली. (टोपली यायच्या आधी अमेरिकेतही झाडं आणि खांबच वापरायचे, त्यामुळे हा अगदी अस्सल प्रकार आहे असं मी त्यांना सांगितलं. कुणी इम्प्रेस झालं नाही.)

बनाच्या तोंडाशी एक ताडगोळेवाल्या मावशी बसतात. पहिल्या दिवशी त्यांनीही विचारलं, "इकडं काय करताय रं?" बहिणीने सांगितलं, आणि वर एक तबकडी त्यांच्या हातात दिली. मावशींनी ती उलटीपालटी करून बघितली, "थाळी हाय की," म्हणाल्या आणि परत दिली. आता तबकडी भरकटली की बसल्या जागेवरून हात करून सांगतात, "तिकडं गेली तुमची थाळी, त्या वाकड्या झाडामागं." एकदा दोन पोरं बराच वेळ आमच्या मागे मागे होती, व्हिडिओ काढत. मावशींनी त्यांना हाक मारून बोलावलं, कुठल्या गावचे, कुणाचे, विचारलं, आणि दोघांना डझनभर ताडगोळे विकले. पोरं खात बसली. प्रश्न तोच, पण मावशींना खरंच उत्तर हवं होतं, आणि उत्तर मिळाल्यावर धंदाही करायचा होता. दोन तासांत मला सगळ्यात सुरक्षित वाटलं ते त्या क्षणी.

बाकी काळजी घ्यायची ती घेतोच, उगाच शूरपणा नाही. बाइक मावशींच्या टपरीसमोर लावतो, आत नाही. बॅग एकाकडे, आळीपाळीने. सगळ्यांच्या फोनवर ११२ स्पीड डायलला. सूर्य समुद्राला टेकला की डाव अर्धा असला तरी थांबवतो, आणि यावर भांडण करायचं नाही असं ठरलंय. मी हरत असताना मात्र सूर्य जरा लवकर टेकतो असा आरोप आहे.

अडलंय ते वेगळ्याच गोष्टीवर. बहिणीची फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते. तिला आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी जाऊन एकटीने प्रॅक्टिस करायची आहे. एकटीने. मी नाही, मैत्रिणी नाहीत, कारण दोघींच्या शिफ्ट बदलतात. आई म्हणाली, "एकटी? तिथे? कशाला?" बाबा म्हणाले, मी येतो बरोबर, पेपर वाचत बसेन. बहीण म्हणाली, मग ते एकटी कसं होईल. मी दोन्ही बाजूंनी बोलून झालं. जा म्हणायला माझं काय जातं, आणि नको म्हणायला मी कोण? अठरा होल शार्लटच्या झाडीत मी एकटा फिरलोय, तो सल्ला ऐकूनही, आणि कुणाला विचारायला गेलो नव्हतो.

शेवटी ती दोनदा जाऊन आली. मावशींना सांगून आत गेली, मावशींना सांगून निघाली. साडेचार ते सहा. दुसऱ्या वेळी एका माणसाने विचारलंच, काय करताय. ती म्हणाली, प्रॅक्टिस. कसली? टूर्नामेंटची. असली कुठलीही टूर्नामेंट नाही. पण तो "बरं, बरं" म्हणून गेला.

पण ताडगोळे पावसापर्यंतच. जूनमध्ये मावशी उठणार, त्या दिवाळीनंतरच परत दिसतील, तेही नक्की नाही. म्हणून आम्ही निदान एक खरी टोपली लावायच्या मागे लागलोय. ग्रामपंचायतीत विचारलं, अर्ज द्या म्हणाले. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला, साखळ्या मोजल्या, आणि म्हणाला, "समुद्राजवळ लावणार ना? मग जीआय नको, एसएसच घ्या. पण एसएसची साखळी चोरीला जाते हां."